सगळं धरून बाराशे नव्याण्णव

पूर्णा गावापासून शेलारच्या नाक्यापर्यंत कुठल्याही शेअर रिक्षात बसा, तुम्हाला कुणी ना कुणी सांगेलच की ठमाबाई भूक बांधते. प्रितमशेठच्या रिसॉर्टवर माणूस सकाळी नऊ वाजता आत जातो तो आदल्या रात्री उपाशी झोपून आलेला असतो, पैसे वसूल करायचे म्हणून. आणि दुपारी दोनला तोच माणूस तीन भाकऱ्यांत गार होतो. हे साधं नाही, असं लोकांचं म्हणणं.

कसं बांधते यावर मात्र एकमत नाही. रिक्षावाला सांगतो, "बुढ्ढी चावल पे कुछ पढ़ती है, मैंने खुद होंठ हिलते देखे." गिरणीवाल्याच्या मते ती सकाळच्या वड्यात पापडखार टाकते, तो पोटात जाऊन फुगतो. आणि कशेळीची एक बाई तर हाताची मूठ करून दाखवते, की पहिल्या तोपातले, म्हणजे मोठ्या पातेल्यातले, चिमूटभर तांदूळ पदराच्या गाठीत बांधले की दोनशे माणसांची भूक त्या गाठीत अडकली म्हणून समजा.

तर, ओठ हलतात हे खरं आहे. ठमाबाई तोप मोजत असतात. पदराला गाठ असते हेही खरं, पण तिच्यात कोठीच्या खोलीची किल्ली असते. आणि पापडखार त्या पापडात घालतात, कारण तो पापडात घालायचा असतो. लोकांची भूक त्यांनी कधी बांधली नाही. खरं तर त्यांची आयुष्यभराची भीती बरोबर उलटी होती.

ठमाबाईंचं वय साठीच्या आसपास. आधारकार्डावर जन्मतारीख एक जून आहे, पण त्या वयाच्या अर्ध्या गावाची एक जूनच आहे, त्यामुळे तिचा उपयोग नाही. त्यांच्या सासरची भाताची खाचरं होती तिथे आज एवढं मोठं गोडाऊन उभं आहे की त्याच्या पोटात ट्रक वळतो. सह्या दिरांनी केल्या, पैसेही दिरांनीच केले. त्याच गोडाऊनमध्ये ठमाबाईंनी पाच वर्षं पॅकिंगच्या टेबलावर ड्युटी केली. आपल्याच खाचरात उभं राहून दुसऱ्याच्या खोक्यांना चिकटपट्टी लावली, असं त्या स्वतःच सांगतात आणि हसतात. पुढे हातात धरायची स्कॅनरची मशीन आली, तिच्यावरचे बारीक आकडे त्यांना दिसेनात, आणि एक दिवस सुपरवायझरने शिफ्टला बोलवायचंच बंद केलं.

पण गावात त्यांचं नाव होतं ते वेगळ्याच गोष्टीसाठी. हळदीचं जेवण. आमच्याकडे लग्नाला एक वेळ माणूस कमी येईल, हळदीला सगळं गाव येतं आणि शेजारचं गावही येतं. पाचशे म्हणता आठशे होतात. अशा जेवणाचा अंदाज ठमाबाई कागदाला हात न लावता काढायच्या. मांडवात एकदा उभ्या राहायच्या, ओठ हलवायच्या, आणि सांगायच्या, अमुक इतके तोप.

आणि वर एक.

हा वरचा एक तोप कुठल्याच हिशेबात नसायचा. त्याला त्या इज्जतीचा तोप म्हणत. त्याची गोष्ट अशी, की ठमाबाईंच्या स्वतःच्या हळदीला भात सरला होता. अंगभर हळद लावून पाटावर बसल्या होत्या, तिथे मांडवाच्या टोकाकडून कुणीतरी बोललेलं त्यांच्या कानावर आलं, भात सरला. शेवटची पंगत, म्हणजे सगळ्यांना वाढून दमलेल्या बाया, मीठ आणि भाकरी खाऊन उठली. त्याला चाळीस वर्षं होऊन गेली. तरी अजून शेलारच्या एखाद्या म्हातारीला ठमाबाई कोण ते आठवत नसेल तर शेजारीण सांगते, "अगं ती, भात सरला त्या घरची." तेव्हापासून ठमाबाईंनी जिथे म्हणून चूल पेटवली तिथे एक तोप जास्तीचा चढवला. तो उरायचाच. उरला की त्यांना शांत झोप लागायची.

प्रितमशेठच्या हळदीला बाराशे माणूस जेवलं आणि दोन तोप उरले. ते लक्षात ठेवून त्याने रिसॉर्ट काढलं तेव्हा स्वयंपाकघर ठमाबाईंच्या हाती दिलं. प्रितम म्हणजे गावातलाच मुलगा, घरची जमीन गोडाऊनला भाड्याने गेली तेव्हा आलेल्या पैशात शेलारच्या पुढे नदीकडेला जागा घेऊन त्याने हा उद्योग मांडला. एक पोहण्याचा तलाव, दोन घसरगुंड्या, बारा खोल्या, आणि गाणी वाजत असताना वरून पाणी पडतं असा एक ओटा. पाहुण्यांसमोर ठमाबाई त्याला शेठ म्हणतात आणि पाहुणे वळले की प्रित्या. त्यांनी पूर्णामधून आपल्याबरोबर सात बाया आणल्या. धोंडूबाई भाकरीला, रूपा रश्शाला, बाकीच्या पडेल त्याला. सगळ्या कधी ना कधी गोडाऊनच्या पॅकिंगमधून निघालेल्या. इथे पहिल्यांदाच त्यांना कुणी मशीन हातात दिली नाही.

पहिली तीन वर्षं जेवणाचे वेगळे पैसे असत. लोक ठेपले, चिवडा, उकडलेली अंडी पोहायच्या कपड्यांत लपवून आणत आणि तलावाच्या कडेला टॉवेलखाली खात. मग आजूबाजूच्या रिसॉर्टांनी सगळं एकत्र धरून एकच दर लावायला सुरुवात केली आणि प्रितमलाही फाटकावर पाटी लावावी लागली: सगळं धरून बाराशे नव्याण्णव. नाश्ता, पोहणं, जेवण, चहा-भजी. आणि खाली मोठ्या लाल अक्षरांत, कितीही खा.

खरं दुखणं त्या शेवटच्या दोन शब्दांत होतं. पाटीचं गणित प्रितमने एकदा ठमाबाईंना ओट्यावर भाकरी ठेवून समजावलं. एकेक तुकडा तोडत गेला. हा पाण्याचा टँकर. हे लाइटबिल. हे पगार. हा पिकनिक आणणारा एजंट, ह्याला न देऊन चालत नाही. हा बँकेचा हप्ता. मग तिसरा हिस्सा भाकरी उरली ती पुढे सरकवून म्हणाला, मावशी, एवढ्यात तुझं स्वयंपाकघर बसलं पाहिजे, माणशी चारशे. आणि नखाएवढा एक तुकडा बाजूला ठेवून म्हणाला, हा मी. तेवढ्यात धोंडूबाईंनी ओट्यावरून फडकं मारलं आणि प्रितम परातीत गेला.

बायका-पोरं कमी खातील, त्यांच्यात पुरुषांचं जास्तीचं भरून निघेल, असा त्याचा हिशेब होता. तो सोमवार ते शुक्रवार बरोबर यायचा. रविवारी यायचा नाही. कारण एकदा पैसे आधी भरले की माणूस भुकेला जेवत नाही, पावतीला जेवतो. ठाण्याच्या सोसायटीतले एक काका चहाच्या कपात सहा गुलाबजाम घेऊन, वर बशी झाकून, लायब्ररीतून पुस्तक न्यावं तसे शांतपणे टेबलावर जायचे. आया पोरांना दामटायच्या, "घे ना, घे, भरलेत पैसे," आणि पोरगं रडवेल्या तोंडाने चौथी भाकरी घ्यायचं. पॉवरलूमवाल्या शेठांची जाडजूड पोरं तर ताटात चिकनचा डोंगर करून, त्याचा फोटो काढून, अर्धा डोंगर तसाच टाकून पुन्हा पाण्यात उड्या मारायची. संध्याकाळी मागच्या दाराला उष्ट्याचे चार ड्रम भरायचे. ते तबेलेवाला घेऊन जायचा. त्याच्या म्हशी त्या वर्षी अशा तुकतुकीत झाल्या की बघत राहावं.

माणशी खर्च साडेपाचशेच्या वर गेला तेव्हा प्रितमने सल्लागार आणला. सुयश त्याचं नाव. भिवंडीतल्या एका शिक्षकांचा मुलगा, हॉटेलचं शिकलेला, अगदी सभ्य. ठमाबाईंना तो पहिल्या दिवसापासून मावशी, तुम्ही, असंच बोलला आणि स्वयंपाकघरात शिरताना त्याने चपला बाहेर काढल्या. फक्त त्याचं प्रत्येक वाक्य 'बेसिकली'ने सुरू व्हायचं आणि 'राइट?'ने संपायचं, आणि मध्ये कुठेतरी 'वेस्टेज' यायचं. त्याने ताटं लहान केली. वाढायचे डाव लहान केले. टेबलावर पहिल्यांदा काकडी, मग भात, आणि चिकन पार शेवटी, तेही खांबाच्या आड. अभ्यास त्याचा पक्का होता, शहरातल्या हॉटेलात हे चालतही असेल. इथे लोकांनी लहान ताटं दोन-दोन घेतली. काकडीच्या रांगेत कुणी उभंच राहिलं नाही, सगळे उलट्या बाजूने खांबाकडून शिरले. आणि सोसायटीचे काका कप सोडून ग्लास वापरायला लागले.

मग एप्रिलमध्ये एक दिवस प्रितम स्वयंपाकघरात आला आणि ठमाबाईंकडे न बघता मसाल्याचे डबे बघत उभा राहिला. ठाण्याचा एक कंत्राटदार माणशी तीनशे ऐंशीत जेवण द्यायला तयार होता. आपली माणसं, आपली भांडी, सगळं घेऊन येणार. प्रितमने हे डब्यांनाच सांगितलं. ठमाबाईंनी विचारलं, "आनि आमी?"

कंत्राटदाराला भांडी घासायला बाया लागतीलच, असं प्रितम म्हणाला.

 ठमाबाईंनी तोपाखालचा जाळ तेवढा कमी केला. आपल्याच खाचरात उभं राहून चिकटपट्टी लावून झाली होती, आता आपल्याच स्वयंपाकघरात बसून दुसऱ्याचे तोप घासायचे. धोंडूबाईंनी भाकरी थापायची थांबवली आणि त्या हातांकडे बघत बसल्या. शेवटी ठमाबाईंनी एवढंच मागितलं, की दोन रविवार दे.

पहिल्या रविवारी त्यांनी स्वयंपाक रूपावर सोपवला आणि स्वतः मागच्या दाराला ड्रमपाशी स्टूल टाकून बसल्या. जे ताट यायचं त्यात काय उरलंय ते बघायच्या. पाहुण्यांपैकी एका बाईला वाटलं की म्हातारीचं डोकं फिरलंय, तिने वीस रुपये पुढे केले. ठमाबाईंनी ते घेतले नाहीत, ताट घेतलं. बघता बघता त्यांना दिसलं की गुलाबजाम कुणी टाकत नाही, चिकन थोडं टाकतात, आणि ड्रम भरतो तो सगळा भात आणि भाकरी. भात गार झालेला. भाकरी एक घास मोडलेली. म्हणजे खायचं म्हणून घेतलेलं नव्हे, पुन्हा उठायला नको म्हणून घेतलेलं.

आणि त्याच स्टुलावरून त्यांना आणखी एक गोष्ट दिसली. स्वयंपाकघराच्या मागे जांभळाखाली बसचे ड्रायव्हर जेवत होते. ड्रायव्हरांना जेवण फुकट, पाटीवर तसं लिहिलेलं नाही पण ते रिवाजातच आहे. ते सतरंजीवर ओळीने बसले होते आणि धोंडूबाई टोपली घेऊन त्यांना वाढत फिरत होत्या. चौदा ड्रायव्हर. रामनाथ म्हणून त्यातला एक ओळखीचा, अंगाने दाराएवढा. त्यानेही दुसऱ्या वाढपाला ताटावर हात आडवा धरला. चौदा ताटं परत आली ती पुसल्यासारखी. ठमाबाईंचे ओठ हलले. चौदा पाहुण्यांना लागतो त्याच्या निम्मा भात.

दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रितमला आणि सुयशला सांगितलं, येत्या रविवारी टेबलावर काही मांडायचं नाही. लांब बाकं लावायची, लोकांना ओळीने बसवायचं, आणि आम्ही आठजणी वाढणार. हळदीसारखं.

सुयशला हसू आलं, पण त्याने ते सभ्यपणे आवरलं. तो म्हणाला, बेसिकली मावशी, तुम्ही आग्रह केला तर लोक जास्तच खातील, राइट?

"आपल्या ताटावर आपनच हात आडवा कोन धरतो काय?" ठमाबाई म्हणाल्या. "वाढनारी लागते. समोर कोनी 'घालू?' म्हनलं की मानूस पोटाला इचारतो. न्हायतर इचारीत न्हाय."

 सुयशने खिशातून वही काढली आणि ते वाक्य उतरून घेतलं. त्याचं हे एक मानायला हवं.

अट ठरली. रविवारी एका गोडाऊन कंपनीचे एकशे ऐंशी लोक येणार होते. खर्च माणशी चारशेच्या आत बसला पाहिजे, आणि एकही माणूस अर्धपोटी गेला नाही पाहिजे, नाहीतर तो जाऊन फोनवर रिसॉर्टला एकच तारा देणार. दोन्ही जमलं तर कंत्राटदाराला नाही म्हणायचं. सुयशने रात्रभर आकडे मांडून आणले आणि त्यात एक गोष्ट त्याला नीट सांगता येईना, म्हणून त्याने ती कागदावर बोट ठेवून दाखवली. रोजचा एक तोप भात कुणासाठी शिजतो तेच कळत नव्हतं. तेवढा एक गेला तरच आकडा चारशेच्या खाली येत होता.

म्हणजे इज्जतीचा तोप. सात बायांनी एकदम खाली बघितलं. ठमाबाई बराच वेळ किल्लीच्या गाठीशी चाळा करत राहिल्या आणि मग म्हणाल्या, न्हाय चढवनार.

यावर विश्वास ठेवणारं तिथे कुणी नव्हतं, आणि सगळ्यात कमी विश्वास होता तो प्रितमशेठच्या पुतणीचा, उन्नतीचा. उन्नती अकरावीत, सुट्टीत रिसॉर्टवर माइकवरून सूचना देण्याचं काम तिच्याकडे. हे सगळं लिहिणारी तीच, पण हे ठमाबाईंचं चरित्र आहे, तिला इथे जास्त जागा देता येत नाही. एवढं सांगणं मात्र भाग आहे, की ती येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाची नक्कल करायची. सुयशची करायची, काकांची त्यांच्या ग्लासासकट करायची, आणि ठमाबाईंची तर त्यांच्यासमोर उभं राहून करायची. तिने पैज लावली, आजी, तुम्ही तोप चढवणारच, आणि नाही चढवलात तर भात सरणार. दोन्हीतलं एक झालं की मी जिंकले. ठमाबाईंनी विचारलं, हरलीस तं? तर उन्नतीबाई म्हणाल्या, तुम्ही सांगाल ते. ठमाबाईंनी सांगितलं, "दिवाळीपर्यंत कोनाची नक्कल न्हाय. तोंड बंद."

रविवारी सकाळी स्वयंपाकघरात पाच तोप ओळीने उभे राहिले. सहावाही होता. त्यात तांदूळ धुऊन भिजत ठेवलेले होते, खाली शेगडी, शेगडीशेजारी लायटर. नुसता असू दे जवळ, असं ठमाबाई म्हणाल्या. उन्नतीला इतका आनंद झाला की तिने माइकवर जाऊन तलावातल्या लोकांना दोनदा शुभ सकाळ म्हटलं.

दीडला पहिली पंगत बसली. लोक आधी बावरले. वाढायची टेबलं कुठायत म्हणून शोधत होते. एक साहेब उभे राहून म्हणाले, बाहेर कितीही खा असं लिहिलंय. ठमाबाई म्हणाल्या, खा की, मी हाय ना वाढाला. साहेब बसले. धोंडूबाईंनी गरम भाकरी अर्धी-अर्धी टाकायला सुरुवात केली, मागोमाग रूपा रस्सा घेऊन. अर्धी संपली की अर्धी. कुणाचं ताट कधी रिकामं दिसलं नाही आणि कुणाचं भरलेलंही दिसलं नाही. आणि जोपर्यंत गरम येतंय आणि विचारणारी बाई समोर येतेय, तोपर्यंत साठवून ठेवायची गरज कुणाला वाटेना. "घालू?" "थोडा." "घालू?" "अर्धी." "घालू?" आणि हात आडवा. साहेबांनी तिसऱ्याला हात आडवा धरला आणि स्वतःच्याच हाताकडे जरा आश्चर्याने बघितलं.

तीन तोप संपले, चौथा उघडला, शेवटची पंगत बसायची होती. आणि तेवढ्यात फाटकात आणखी एक बस वळली.

कंपनीची सकाळची शिफ्ट सुटली होती. चोवीस जण. यादीत त्यांची नावं होती, पण दुपारनंतर फक्त चहा-भजीला येतील असं कळवलेलं होतं. ते पहाटेपासून खोकी उचलून, काही न खाता, सरळ इथे आले होते. हे पावतीला जेवणारे नव्हते.

धोंडूबाई स्वयंपाकघरात आल्या आणि म्हणाल्या, ठमे, चढव. ठमाबाईंनी चौथ्या तोपात बघितलं, पाचव्याचं झाकण काढून बघितलं. ओठ हलले. पुन्हा पहिल्यापासून हलले. हात लायटरपर्यंत गेला. दारात प्रितम उभा होता. सुयश वही उघडून उभा होता आणि त्याने एकदाही बेसिकली म्हटलं नाही. उन्नती भिंतीला टेकून गालातल्या गालात हसत होती. आणि चाळीस वर्षांपूर्वीच्या मांडवाच्या टोकाकडून कुणीतरी तेच दोन शब्द पुन्हा बोलण्याच्या बेतात होतं.

ठमाबाई तोप सोडून बाहेर आल्या आणि पंगतीच्या टोकाला उभ्या राहिल्या. आयुष्यभर त्यांनी अंदाज तोपात बघून काढला होता. आज त्या लोकांच्या हातांकडे बघत होत्या. इकडून तिकडे, ओळीने. अर्ध्या ओळीचे हात आडवे व्हायला लागले होते. लायटर त्यांच्या मुठीतच होता. त्यांनी तो धोंडूबाईंच्या हातात दिला, आत गेल्या, भिजलेल्या तांदळांवर झाकण घातलं आणि रूपाला सांगितलं, हे उद्या वाट, नाश्त्याला घावन करू.

चोवीस जण जेवले. एकाने सहा भाकऱ्या खाल्ल्या आणि सातवीच्या अर्धीला हात आडवा धरला. मग सगळे तिथेच सावलीत आडवे झाले, तलावाकडे कुणी गेलंच नाही, पोहण्याचे पैसे वाया. सुयशने ड्रम तोलला. चार नव्हे, एकच, आणि तोही अर्धा, त्यात निम्मी हाडं. त्याने खर्चाची बेरीज दोनदा केली, मग वही प्रितमसमोर धरली. तीनशे शहाऐंशी. कंत्राटदारापेक्षा सहा रुपये जास्त. ते प्रितमने बघितले, आणि वही मिटून सुयशच्या खिशात ठेवून दिली. कंत्राटदाराला तो त्याच संध्याकाळी नाही म्हणाला. पाटीवरची लाल अक्षरं अजून तशीच आहेत. सोसायटीच्या काकांना मात्र हे पसंत पडलेलं नाही, त्यांचं म्हणणं की बाईने समोर येऊन विचारलं की सहावा गुलाबजाम मागायला लाज वाटते. आणि सोमवारी तबेलेवाला अर्धा ड्रम बघून काळजीने विचारून गेला, "शेठ, पिकनिक बंद हो गया क्या?" भूक बांधल्याची आवई त्यानेच पहिल्यांदा उठवली, असा ठमाबाईंना संशय आहे.

पण पैज तेव्हा संपली नव्हती. अजून एक पंगत राहिली होती, वाढणाऱ्यांची. सात बाया, प्रितम, सुयश आणि उन्नती. साडेतीन वाजून गेले होते. पाचव्या तोपाच्या तळाशी भात होता, पण किती होता ते वरून दिसत नव्हतं. ठमाबाई स्वतः बसल्या नाहीत. त्यांनी भाताची परात कमरेवर घेतली आणि वाढायला सुरुवात केली. धोंडूबाईंच्या ताटात भात पडला तेव्हा त्या क्षणभर जेवायच्या थांबल्या. त्या ठमाबाईंच्या हळदीला वाढायला होत्या. मीठ-भाकरी खाऊन उठलेल्यांत त्याही होत्या. त्यांनी भात कालवला.

उन्नतीने मात्र ठरवूनच टाकलं होतं. तोप चढला नाही, पण भात सरला तरी पैज तिचीच. म्हणून ती रस्सा सोडून नुसता भात खात सुटली. पहिल्या फेरीला वाढून घेतला, दुसऱ्या फेरीला घेतला, तिसऱ्या फेरीला "भरपूर" म्हणाली. प्रितमने डोळे वटारले, सुयशने आपल्या घासांकडे लक्ष दिलं. चौथ्यांदा ठमाबाई तिच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. तोप रिकामा झाला होता, परातीत एक डाव भात शिल्लक होता, वर तळाच्या खरवडीचा एक तुकडा. ती खरवड ठमाबाईंना फार आवडते, स्वतःसाठी ठेवली होती.

"घालू?" ठमाबाईंनी विचारलं. नेहमीसारखं, न हसता, तिच्या ताटाकडे नाही तर तोंडाकडे बघून.

हो म्हणायचं होतं. एवढा एक डाव ताटात पडला की परात रिकामी, ठमाबाई उपाशी, भात सरला, पैज खिशात. तोंड उघडलं पण होतं. पण त्याआधीच उन्नतीचा उजवा हात, भाताने माखलेला, आपोआप उठला आणि ताटावर आडवा झाला.

ठमाबाईंनी तो शेवटचा डाव आपल्या ताटात घेतला, खरवडीसकट, आणि सगळ्यांच्या शेवटी जेवायला बसल्या.

त्यानंतर आजपर्यंत उन्नतीने कुणाची नक्कल केलेली नाही. तोंड बंद, असं ठरलं होतं. लिहिण्याचं काही ठरलं नव्हतं.